पाठीचं माप

सॅक घेण्याआधी पाठ मोजतात, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी पंचवीस-तीस वर्षं मी आणि माझी धाकटी बहीण नंदू सह्याद्रीत फिरलो ते कधी वडिलांची खाकी पिशवी, कधी शेजारच्यांकडून मागून आणलेली सॅक, तर कधी दोन नाड्यांची कापडी झोळी पाठीला लावून. बोचलं तर बोचलं. घरी येऊन खांद्याला तेल चोळायचं, की झालं. यंदा तसं चालणार नव्हतं. नंदूच्या कण्यात दोन सळ्या आणि सहा स्क्रू आहेत. आणि ज्या स्कूटरवरून ती पडली, ती मी चालवत होते.

त्याला आता तीन वर्षं झाली. मिरजेहून सांगलीला परत येताना रस्त्यावर सांडलेल्या वाळूवर चाक घसरलं. माझं कोपर खरचटलं. नंदू मागं बसली होती, ती दुभाजकावर पाठीवर आपटली. सहा महिने पलंग, मग वर्षभर पट्टा. ती शाळेत भूगोल शिकवते. आता पुन्हा उभी राहून शिकवते, जिने चढते, तिचं सगळं ती करते. गेल्या दिवाळीत तिनं माझ्यासमोर नकाशा पसरला आणि म्हणाली, "रेडीपासून कुणकेश्वरपर्यंत. किनाऱ्यानं. आठ दिवस. आणि स्वतःचं सामान स्वतःच्या पाठीवर."

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. वजन सात किलोच्या वर जाता कामा नये, आणि ते खांद्यांवर नाही, कमरेवर आलं पाहिजे.

म्हणून आम्ही कोल्हापुरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, हिमालयात बरीच वर्षं काढलेला माणूस होता. त्यानं एकही सॅक दाखवण्याआधी नंदूला म्हटलं, "मान खाली घाला." मानेच्या तळाशी जे हाड वर येतं तिथं टेपचं टोक धरायला मला सांगितलं. मग नंदूला दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवायला लावले आणि दोन अंगठ्यांच्या मधल्या रेषेपर्यंत टेप खाली ओढली. साडेपंधरा इंच. "ही तुमची पाठ," तो म्हणाला. "माणसाची उंची बघून सॅक घेऊ नये. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, बुटक्याची लांब असू शकते."

मग त्यानं अडतीस लिटरची एक सॅक काढली, तिच्यात वाळूच्या छोट्या पिशव्या भरल्या आणि आधी कमरेचा पट्टा बांधायला लावला. पोटावर नाही, हाडावर. त्यानंतर खांद्याचे पट्टे, मग छातीचा. शेवटी खांद्याच्या वर जे दोन बारीक पट्टे असतात ते त्यानं हलकेच ओढले आणि सॅक तिच्या पाठीशी येऊन टेकली. "आता वीस मिनिटं चाला. जिना चढा, उतरा. दुकानात जे बोचत नाही ते कदाचित रस्त्यात बोचेल. पण दुकानात जे बोचतं ते रस्त्यात बोचणारच."

नंदू दहा मिनिटांत परत आली. तिनं कुडता मागून वर केला आणि त्या अनोळखी माणसाला आपला व्रण दाखवला. "इथं सळ्या आहेत. पट्ट्याची कड बरोबर इथं लागते." तो वाकून बघत होता, ती बोट ठेवून दाखवत होती, डॉक्टर आणि रोगी असावेत तसं. मी भिंतीवर टांगलेले दोर बघत उभी राहिले. तीन वर्षांत मी तो व्रण नीट पाहिला नव्हता.

चौथी सॅक तिला बसली.

माझी पाठ साडेसतरा इंच निघाली. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला पंचेचाळीस लिटर पुष्कळ. मोठी घेतली की माणूस ती भरतोच." मला बसणारी पासष्ट लिटरची सॅक त्याच्याकडे नव्हती, होती ती लांब पाठीच्या माणसाची. मी तीच घेतली. तो दोनदा नको म्हणाला. मला ती का हवी होती, हे मी त्याला सांगितलं नाही आणि नंदूलाही नाही.

रेडी ते शिरोडा

जानेवारीच्या शेवटी आम्ही एसटीनं कुडाळला उतरलो. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. आमच्याकडे बाजारात ज्वारीची पोती आणि गुळाच्या ढेपा असतात. इथं उकड्या तांदळाचे ढीग, सुक्या बांगड्यांचा वास आणि कोकमाच्या पिशव्या. नंदूनं थोडी चिक्की घेतली, आणि दोन गाड्या बदलून आम्ही रेडीला पोहोचलो.

रेडीत सगळ्यावर लाल धूळ असते. खनिज वाहणारे ट्रक बंदराकडे जातात, आणि रस्त्याकडेची झाडं, कुंपणं, दुकानांच्या पायऱ्या एकाच रंगाच्या होतात. यशवंतगड मात्र हिरवा होता. त्याच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी असं धरून ठेवलं आहे, की दगडानं झाडाला उभं केलंय की झाडानं दगडाला, कळत नाही. नंदू दरवाज्यातून वर गेली ती थांबत थांबत, पण सॅक न काढता. मी मागून तिच्या पायांकडे बघत होते. गडावरून समुद्र दिसला तेव्हा ती म्हणाली, "तू काय बघितलंस आत्तापर्यंत? माझ्या चपलाच ना?"

उतरल्यावर सायकल हातात धरून चाललेला एक म्हातारा थांबला. "खंय चललास गो? गाडी चुकली काय?"

"नाही काका, चालत निघालोय. कुणकेश्वरला."

त्यानं माझ्या सॅककडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चलत? आणि ह्या सगळा घेवन? घरातून भांडान इलास काय?"

नंदू इतकी हसली की तिला कमरेवर हात ठेवावा लागला. मी लगेच विचारलं, "दुखलं?" तिचं हसू थांबलं.

शिरोड्यात आम्ही एका घरी खोली घेतली. सकाळी नंदू अंगणात सतरंजी टाकून पाठीचे व्यायाम करत होती. रोज चाळीस मिनिटं, चुकवत नाही. त्या चाळीस मिनिटांत मी तिची सॅक उघडली. पाण्याची एक बाटली काढली, औषधांची पिशवी काढली, आणि दोन्ही माझ्या सॅकच्या तळाशी घातल्या. वरचे कपडे होते तसे रचून ठेवले.

वेंगुर्ला, खवणे

पुढचे दोन दिवसही मी सकाळी तेच केलं. एकदा तिचा स्वेटर आणि जाड चादर, एकदा विजेरी आणि चिक्कीचा डबा. काही हवं असलं की मी आधीच पुढं करायचे. "हे घे, माझ्याकडेच आहे." ती घ्यायची.

दिवस सुंदर होते. सकाळी सातला निघायचं, वाळू ओली आणि घट्ट असते तोवर चालायचं, ऊन चढलं की सुरूच्या सावलीत बसायचं. आंब्यांना मोहोर आला होता. वाडीतून जाताना त्याचा वास इतका दाट यायचा की समुद्र शेजारी आहे हे विसरायला व्हायचं. वेंगुर्ल्यात घावणे खाल्ले, पांढरेशुभ्र, जाळीदार, सोबत नारळाचं गोड दूध. आमच्या घरी भाकरी थापताना घरभर आवाज होतो. इथं तवा नुसता चर्र करतो आणि घावण तयार. खवण्याला काळ्या वाटाण्याची आमटी आणि उकड्या तांदळाचा भात. घरातल्या बाईंनी वाढताना विचारलं, "तिखट जाला काय गो?" आम्ही सांगलीकर, आम्हाला ते तिखट लागलंच नव्हतं. पण नंदू म्हणाली, "जरासं." बाईंना बरं वाटलं.

माझे खांदे मात्र सोलून निघाले होते. दुकानदारानं सांगितलं होतं तेच झालं. सॅकची पाठ माझ्या पाठीपेक्षा लांब, त्यामुळे कमरेचा पट्टा हाडावर राहीना, घसरून खाली मांड्यांवर यायचा. सगळं वजन खांद्यांवर. वाकून चाललं की वरचा भाग डोक्यामागं डुलायचा. मी रुमालाच्या घड्या घालून पट्ट्यांखाली सरकवल्या आणि नंदूला दिसू नये म्हणून वरून ओढणी घेतली.

निवती

निवतीत ज्यांच्याकडे उतरलो त्या घराच्या पडवीत आढ्याला एक ताणकाटा टांगलेला होता, मासे मोजायचा. भूगोलाच्या बाईला असं काही दिसलं की राहवत नाही. तिनं आपली सॅक त्याच्या आकड्याला अडकवली.

साडेतीन किलो.

घरून निघताना आम्ही वजन केलं होतं. पावणेसात भरलं होतं, ते तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. ती काट्याकडे बघत राहिली. मग माझी सॅक दोन्ही हातांनी ओढत आणली. मी म्हटलं, "नंदू, उचलू नकोस." तिनं ऐकलं नाही. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, तिला शिकवलं होतं तशी ती उचलली आणि आकड्याला अडकवली.

सतरा.

तिनं माझी सॅक खाली घेतली, उघडली आणि एक एक वस्तू बाहेर काढून पडवीवर मांडली. बाटली. औषधं. स्वेटर. चादर. विजेरी. डबा. घरातली माणसं आत गेली. आमचं भांडण होणार हे त्यांना आमच्याआधी कळलं असावं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"शिरोड्यापासून."

"म्हणजे मी तीन दिवस चालले, ते चाललेच नाही."

"असं काय म्हणतेस? चाललीस की."

"साडेतीन किलो ताई! शाळेत पोरं याच्यापेक्षा जास्त दप्तर उचलतात." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मला रोज वाटायचं, बघ, जमतंय. पाठ धरत नाही. काल संध्याकाळी मी घरी फोन करून सांगितलं, की मी पूर्वीसारखी झाले. काय सांगितलं मी त्यांना? खोटंच ना?"

मी म्हटलं, "तुला त्रास होऊ नये म्हणून केलं."

"तीन वर्षं तू मला एक बादली उचलू दिली नाहीस. घरात ठीक आहे. पण इथं कशाला आलो आपण?"

तिनं सगळं आपल्या सॅकमध्ये परत भरलं: जड ते पाठीला लागून मध्यभागी, चादर तळाशी, हलकं वर. दुकानदारानं दाखवलं होतं अगदी तसं. पुन्हा काट्याला लावून पाहिलं. पावणेसात. मग ती एकटीच किनाऱ्याकडे गेली आणि जेवायच्या वेळेला परत आली. त्या दिवशी तळलेला बांगडा आणि सोलकढी होती. आम्ही दोघींनी मान खाली घालून जेवण केलं. वाढणाऱ्या बाई अधूनमधून "घेवा गो, घेवा" म्हणत राहिल्या.

तारकर्ली, मालवण

भोगव्याहून होडीनं कर्लीची खाडी ओलांडली. देवबागच्या बाजूला उतरलो आणि तारकर्लीच्या वाळूवरून चालू लागलो. ती पुढं, मी मागं. आता तिच्या चालीत फरक पडला होता. दर अर्ध्या तासानं थांबायची, कमरेचा पट्टा सोडायची, पुन्हा बांधायची. तिच्या मानेवर घाम दिसत होता. मी दोन्ही हात माझ्याच पट्ट्यांत अडकवून चालत होते.

पुढं रापण ओढून झाली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोन्ही बाजूंनी ओढायचं मोठं जाळं. मासे वाटले गेले होते, गर्दी पांगली होती. तारल्यांनी भरलेल्या टोपलीपाशी एक बाई उभी होती. साठीच्या पुढची, कासोटा घातलेली, डोक्यावर कापडाची चुंबळ. नंदू जवळ आली तशी तिनं हाक मारली, "गो बाय, जरा हात लाव."

मी पुढं धावले. नंदूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी जागच्या जागी थांबले.

तिनं सॅक काढून वाळूत ठेवली. गुडघ्यांत वाकली. टोपलीची एक कड तिनं धरली, एक बाईनं, आणि "एक, दोन" म्हणत दोघींनी ती उचलून बाईच्या डोक्यावर चढवली. बाईनं मान जराशी इकडे तिकडे करून टोपली स्थिर केली आणि हात सोडून दिले. टोपलीतून पाणी तिच्या कानामागून गळत होतं.

"किती वर्षं हे काम करता?" नंदूनं विचारलं.

"लगीन होवन इलंय तेवापासून. माका आता नातवंडा आसत." मग तिची नजर माझ्याकडे गेली. "हिच्या खांद्याक काय जाला गो?"

ओढणी सरकली होती आणि कुडत्यावर रक्ताचा ठिपका आला होता.

"ओझा हलता तुजा," ती म्हणाली. "मी मगाधरना बघतंय. जड आसा म्हणान नाय दुखणा, हलता म्हणान दुखता. कमी कर, नायतर बरा बांद." आणि ती रस्त्याच्या दिशेनं निघून गेली. ताठ, पाऊल जरासं बाहेर टाकत.

मालवणात नंदूनं माझ्या खांद्यांना मलम लावलं. आदल्या दिवसापासून तिनं मला लावलेला तो पहिला हात. म्हणाली, "निम्मं सामान घरी पाठवून दे. ही सॅक तुझी नाही." मी म्हटलं, "आता तीनच दिवस राहिले." माझा तो हट्ट होता, आणि त्याला काही कारण नव्हतं.

तळाशील

सर्जेकोटहून होडीनं तळाशीलला उतरलं की माणूस एका अरुंद पट्टीवर येतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे खाडी, मध्ये माडांची रांग आणि घरं. काही ठिकाणी एका घराच्या पुढच्या दारातून समुद्र आणि मागच्या दारातून खाडी दिसते. आमच्या कृष्णाकाठी पाणी एका बाजूनं येतं, आणि आलं की आम्ही गाव सोडतो. ही माणसं दोन पाण्यांच्या मध्ये चूल मांडून बसली आहेत.

आम्ही एका माडाखाली बसलो. नंदूनं सॅकला उशी केली होती आणि ती आडवी पडली होती. तीच बोलली.

"ताई, त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. मिरजेत आपण चहा घेतला, ते आठवतं. नंतर एकदम दवाखान्याचा पंखा."

तीन वर्षांत आम्ही दोघींनी तो विषय काढला नव्हता.

"तुला सगळं आठवत असेल."

"हो."

"सांग."

मी सांगितलं. वाळू कुठं होती, ब्रेक कसा दाबला, ती माझ्या नावानं ओरडली ते. रस्त्यावर पडल्यावर ती आकाशाकडे बघत होती आणि पाय हलत नव्हते ते. मी तिच्या चपला शोधत होते ते. त्या वेळी तेच करायचं मला सुचलं होतं. सांगताना मी समुद्राकडे बघत होते.

मग ती म्हणाली, "सापडल्या का चपला?"

"एक."

तिनं माझा हात घेतला आणि आपल्या पोटावर ठेवला. खाडीकडून कोणाच्या तरी शेळ्या ओरडत होत्या. भरती येईपर्यंत आम्ही तशाच होतो.

मिठबाव

आचरा, मुणगे मागं पडलं. शेवटच्या आधीच्या दिवशी, ऊन कलत असताना, मिठबावकडे उतरणाऱ्या पाखाडीवर मी पडले. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडांची उताराची पायवाट. काजूची सुकी पानं तिच्यावर पसरली होती. माझा डावा पाय पानांवरून सरकला, सॅकचा वरचा भाग डुलून पुढं आला आणि मला घेऊन गेला. घोट्यातून कट्ट असा आवाज आला.

नंदू पुढं होती. ती धावत वर आली नाही. तिनं आधी आपली सॅक काढली, एका दगडाला टेकवून ठेवली आणि मग चढून आली. माझे पट्टे सोडवले, मला सॅकमधून बाहेर काढलं. "पाय हलव. बोटं हलव. मान?" ती विचारत होती आणि मी हो-नाही म्हणत होते.

खालच्या घरातून एक बाई आणि तिचा नवरा आले. सुमतीकाकी आणि आबा. काकींनी घोट्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "गो बाय माज्या! उटाक जाता काय?" आबा आणि नंदूनं मला दोन्ही बाजूंनी धरून त्यांच्या अंगणात नेलं. माझी सॅक मागं राहिली होती. ती आणायला आबा गेले आणि आणताना दोन वेळा थांबले.

गावातल्या डॉक्टरांनी हाड मोडलं नाही म्हणून सांगितलं, घट्ट पट्टी बांधली आणि आठ दिवस चालायचं नाही म्हणाले. रात्री आम्ही काकींकडेच राहिलो. त्यांनी कुळथाची पिठी आणि मऊ भात केला.

सकाळी मी अंथरुणात बसले होते. नंदूचे व्यायाम झाले. मग ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आबांनी रिक्षा सांगितलीय. तू कुणकेश्वरला जा. तुझी सॅक घेऊन. मी चालत येते."

"एकटी?"

"एकटी."

"आणि वाटेत पाठ धरली तर? कोणी नसेल तिथं."

"तर बसेन. बरं वाटलं की उठेन."

काकी दारात उभ्या होत्या. त्या नंदूला म्हणाल्या, "हिका बरा नाय वाटणा, तू एकटी गेल्यार."

"ठाऊक आहे काकी," नंदू म्हणाली. "पण मला जायचंय."

काकी आता माझ्याकडे बघायला लागल्या, की मी काय म्हणते. मला वाटतं, मी नको म्हटलं असतं तर नंदू रिक्षात बसली असती. गेली तीन वर्षं ती माझ्यासाठी अशीच बसत आली होती. मी म्हटलं, "पाणी दोन बाटल्या घे."

तिनं कमरेचा पट्टा बांधला, मग खांद्याचे, मग छातीचा. वरचे बारीक पट्टे ओढले. आबांनी काठीनं दाखवलं, "कड्याखालसून जाव नको, भरती आसा. सड्यावरसून वाट आसा, थयसून जा." सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान. ती अंगणातून निघाली, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे गेली, वळली. मागं पाहिलं नाही. काकींनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि शेजारी बसल्या. रिक्षा येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

कुणकेश्वर

मंदिराखाली समुद्र भिंतीवर येऊन आदळतो. मी दर्शन बाहेरूनच घेतलं आणि लंगडत किनाऱ्याकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. तिथून दक्षिणेकडची सगळी वाळू दिसते. ती आठला निघाली होती. बारापर्यंत येईल, असा माझा हिशेब होता.

बारा वाजले. एक वाजला. तिचा फोन लागत नव्हता. दीड वाजता मी उठून उभी राहिले आणि घोट्यातून कळ आली तशी पुन्हा बसले. जाऊन बघायचं म्हटलं तरी मला जाता येणार नव्हतं. शेजारी माझी सॅक पडली होती. त्या अडीच तासांत मी सगळं मनात पाहिलं: कडा, सडा, सुकी पानं, आकाशाकडे लागलेले तिचे डोळे. आबांना फोन करावा, असं दहा वेळा वाटलं. अडीचला फोन हातात घेतला आणि तेवढ्यात वाळूच्या पार टोकाला एक माणूस दिसला.

बराच वेळ तो नुसता ठिपका होता. मग त्याला चाल आली. ती नंदूची चाल होती. थोडी कडक, उजवा खांदा जरासा पुढं. ती मधेच थांबली, पट्टा सोडला, बांधला आणि पुन्हा निघाली. मी हात हलवला नाही. तिला तिच्या चालीनं येऊ दिलं.

ती पायऱ्यांशी आली, सॅक काढून माझ्या सॅकशेजारी ठेवली आणि बसली. चेहरा लाल झाला होता. ओठ सुकले होते.

"पाठ?" मी विचारलं.

"दुखतेय. तुझा पाय?"

"दुखतोय. एवढा उशीर?"

"झोपले होते."

"कुठं?"

"सड्यावर. कातळ गरम होता. जरा पाठ टेकावी म्हटलं, तर डोळाच लागला. उशीशिवाय, पाठीवर. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं." तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "तीन वर्षांत अशी झोपले नव्हते."

तिनं मला आणखी थोडं सांगितलं. तांबळडेगला वाळूवर जाळी सुकत होती आणि एका बाईनं तिला ताक दिलं. सड्यावर वाट दोनदा हरवली. कातवणच्या वर एका ठिकाणी खाली बघितलं तर पाणी इतकं स्वच्छ होतं, की तळाचे दगड दिसत होते, आणि तिथं ती उभी राहून मोठ्यानं काहीतरी बोलली. काय बोललीस, असं मी विचारलं नाही.

रेडीपासून मिठबावपर्यंतचा किनारा मी इथं सांगितला, जसा पाहिला तसा. मिठबावपासून कुणकेश्वरपर्यंतचा मला सांगता येणार नाही. मी तिथून गेलेले नाही. नंदू गेली आहे.